वॉलरसच्या आतला माणूस : ‘मिनी द मूचर’ (१९३२) अभ्यासाच्या नोंदी

५ जुलै

काम ठरलं. फ्लायशर स्टुडिओचं ‘मिनी द मूचर’ हे १९३२ सालचं कृष्णधवल कार्टून घ्यायचं आणि त्यातल्या गाण्याच्या भागाचं फ्रेमनिहाय पत्रक करायचं. मग त्याच पद्धतीनं एक छोटा तुकडा स्वतः काढून बघायचा. ॲनिमेशन शिकणाऱ्या मुलांसमोर शेवटी दोन्ही ठेवायचं. आम्ही तिघं आहोत: चित्रं माझ्याकडे, आवाज ध्वनिमुद्रणात काम करणाऱ्या मैत्रिणीकडे, आणि मात्रा मोजायला तबला वाजवणारा मित्र.

हेच कार्टून का, हे आजच लिहून ठेवते. संगीतावर हलणारी कार्टून त्या काळात भरपूर निघत होती. १९२८ मध्ये डिस्नेचं ‘स्टीमबोट विली’ आलं, १९२९ मध्ये ‘द स्केलेटन डान्स’. दोन्हींत चित्र आणि सूर यांची जोडणी अचूक आहे. पण तिथे नाचणाऱ्या कोणाच्याही आत खरा माणूस नाही. ‘मिनी द मूचर’मध्ये आहे. न्यूयॉर्कमधल्या हार्लेमचा जॅझ गायक कॅब कॅलोवे स्वतः नाचला, त्याचं चित्रीकरण झालं, आणि त्यावरून रेखाटून एक भुताळी वॉलरस (लांब सुळ्यांचा, सीलसारखा समुद्री प्राणी) उभा केला गेला. जॅझ गाणाऱ्या माणसाचं अंग कागदावर कसं उतरतं, हे शिकायला याहून चांगला धडा मला माहीत नाही.

८ जुलै

बाकी दोघांनी कार्टून पाहिलं नव्हतं, म्हणून आज ते सलग पाहिलं. लांबी आठ मिनिटांच्या आसपास.

सुरुवात चित्रांनी होतच नाही. पडद्यावर आधी खरा कॅलोवे येतो, मागे त्याचा वाद्यवृंद. तो गात नाही, फक्त बँडसमोर डुलतो, पाय घसरवत सरकतो. कॅलोवेचं आज उपलब्ध असलेलं सर्वांत जुनं चित्रीकरण हेच मानलं जातं. मग कार्टून सुरू. फ्लायशरच्या कार्टूनांची नायिका बेटी बूप जेवायच्या टेबलावर रुसून बसली आहे, ताटातलं खायला तयार नाही. आईबाप तिच्यावर खेकसतात, बापाचं डोकं बोलता बोलता ग्रामोफोन होतं. बेटी रडते, गाते, चिठ्ठी लिहून ठेवते आणि बिंबो या आपल्या कुत्रा-मित्राबरोबर घर सोडते. अंधार पडतो, दोघं एका गुहेत शिरतात. तिथे वॉलरस. तो ‘मिनी द मूचर’ गातो आणि त्याच्या भोवती सांगाडे दारू पितात, कैद्यांच्या कपड्यातली भुतं गजांतून आरपार चालत जाऊन विजेच्या खुर्चीवर बसतात, डोळ्यांच्या जागी खाचा असलेली मांजर पिल्लांना पाजते. शेवटी पळापळ. बेटी घरात येऊन पांघरुणात घुसते. तिची चिठ्ठी फाटते, आणि उरलेल्या तुकड्यावर ‘होम स्वीट होम’ एवढेच शब्द राहतात.

मैत्रीण संपल्यावर काही बोलली नाही, तिनं गाण्याचा भाग पुन्हा लावायला सांगितला. सांगाडे दारू पितात तो प्रसंग पाहताना एक गोष्ट ध्यानात ठेवायला हवी: १९३२ साली अमेरिकेत दारूबंदी अजून चालू होती. ती उठली १९३३ च्या डिसेंबरात. मंदी तर ऐन भरात होती. विजेची खुर्ची, तुरुंग, पिणं, व्यसन हे सगळं या कार्टूनमध्ये येतं, कारण ते न्यूयॉर्कच्या भर वस्तीत, ब्रॉडवेवरच्या १६०० क्रमांकाच्या इमारतीत बनत होतं आणि ते बनवणारे लोक त्याच रस्त्यांवरून घरी जात होते.

१२ जुलै

प्रत तपासण्यात दिवस गेला. पत्रक करायचं तर व्हिडिओची एक फ्रेम म्हणजे फिल्मची एक फ्रेम असायला हवी. आमची प्रत अमेरिकन दूरचित्रवाणीसाठी बनवलेल्या टेपवरून उतरलेली आहे. तिथे सेकंदाला ३० चित्रं लागतात, फिल्मला २४. म्हणून दर चार फिल्मफ्रेमच्या पाच केलेल्या असतात, आणि त्या पाचांतल्या दोन फ्रेममध्ये शेजारच्या दोन चित्रांची सरमिसळ असते. एकेक फ्रेम पुढे सरकवली की वॉलरसला मधूनच दोन हात जास्त दिसतात ते यामुळे.

मैत्रिणीनं ही सरमिसळ उलटी सोडवून २४ फ्रेमची स्वच्छ मालिका करून दिली. आता पूर्ण कार्टून साडेअकरा हजारांच्या आत-बाहेर फ्रेमचं. त्यातला फक्त गुहेतला भाग आम्ही घेणार.

१५ जुलै

मात्रा. हिशेब सरळ आहे: मिनिटाला १२० मात्रा असतील तर एका मात्रेला १२ फ्रेम, ९६ असतील तर १५, १४४ असतील तर १०. स्टुडिओत ठरावीक टिकटिक लावून वाजवलेलं संगीत असेल तर एकदा आकडा काढला की काम झालं. इथे तसं चालत नाही. हा बँड जिवंत वाजतो आहे, लय गाणाऱ्याच्या श्वासाबरोबर थोडी आखडते, थोडी सुटते. म्हणून प्रत्येक आवर्तनाची पहिली मात्रा कानानं पकडून तिच्यासमोर फ्रेमचा क्रमांक लिहायचा, असं ठरवलं. वेळ लागेल, पण दुसरा मार्ग नाही.

तबलजी मित्राची मदत इथे फार झाली. चार-चारचं मोजमाप त्याच्या हाताला सोपं, पण त्याचा जोर आपोआप समेवर जात होता. जॅझमध्ये टाळी दुसऱ्या आणि चौथ्या मात्रेवर पडते. त्यानं आधी नुसतं ऐकलं, मग मांडीवर ठेका धरला, आणि एकदा ते अंगात बसल्यावर आकडे इतक्या झपाट्यानं सांगायला लागला की मला लिहिणं पुरेना.

या गाण्याची बांधणीही त्यानंच आधी ओळखली. कॅलोवे ‘हाय-डी-हाय’ म्हणून एक तुकडा फेकतो, बँडमधले वादक तो तसाच परत करतात. मग तो अवघड फेकतो, ते पुन्हा परत करतात. पोवाड्यात शाहिरामागे झीलकरी उभे असतात, तसे हे वादक त्याच्यामागे उभे आहेत. मित्राचं म्हणणं, म्हणून वॉलरसकडे बघताना फक्त त्याच्याकडे बघू नका, जेव्हा तो गात नाही तेव्हा काय करतो ते बघा. पत्रकात ‘गातो’ आणि ‘ऐकतो’ असे दोन वेगळे रकाने घातले.

२० जुलै

आज चित्र नाही, वाचन. मुलांना द्यायच्या टिपणासाठी कॅलोवेची माहिती जमवली.

जन्म १९०७, रोचेस्टर, न्यूयॉर्क राज्य. वाढला बाल्टिमोरमध्ये. १९३१ साली हार्लेमच्या कॉटन क्लबमध्ये त्याचा बँड ड्यूक एलिंग्टनच्या जागी आला आणि तिथून होणाऱ्या रेडिओ प्रक्षेपणांनी त्याचं नाव देशभर गेलं. ‘मिनी द मूचर’ची पहिली तबकडी त्याच वर्षी मार्चमध्ये ब्रन्सविक कंपनीसाठी झाली. गाण्यावर नावं तीन: कॅलोवे, आयर्व्हिंग मिल्स, क्लॅरेन्स गॅस्किल. गाण्यातली मिनी अफूच्या अड्ड्यावर जाते, श्रीमंतीची स्वप्नं बघते. लहान मुलांसाठी म्हणून आज आपण कार्टून लावतो, त्यातलं हे गाणं नाही.

कॉटन क्लबबद्दल टिपणात ठळक लिहायचं ते हे: मंचावर गाणारे, वाजवणारे, नाचणारे सगळे काळे, आणि समोर बसून बघण्याचा हक्क फक्त गोऱ्यांना. हार्लेम ही काळ्यांची वस्ती, तरी तिथल्या काळ्या माणसाला या क्लबात गिऱ्हाईक म्हणून प्रवेश नव्हता. कार्टून मात्र पॅरामाउंटच्या वितरणातून गावोगावच्या थिएटरांत लागायचं. कॅलोवे जिथे कार्यक्रम करणार तिथे ते आधी दाखवलं जाई, म्हणजे लोक गाणं ओळखून येत. कलाकाराला जाहिरात, स्टुडिओला देशातला उत्तम बँड, असा तो व्यवहार होता.

२४ जुलै

रोटोस्कोप. मॅक्स फ्लायशरनं १९१५ साली पेटंटसाठी अर्ज केला, १९१७ मध्ये ते मिळालं. कल्पना साधी: चित्रित केलेली फिल्म एकेक फ्रेम करून काचेच्या मागून टाकायची, काचेवर कागद ठेवायचा, आणि माणसाची आकृती पेन्सिलनं उतरवून घ्यायची. पहिला नमुना त्याचा भाऊ डेव्ह, विदूषकाच्या वेशात. त्यातूनच पुढे कोको हा विदूषक जन्मला. डेव्ह पुढे या कार्टूनांचा दिग्दर्शक झाला. आणखी एक भाऊ लू, तो संगीत सांभाळायचा. कुटुंब क्राकोवहून आलेलं ज्यू कुटुंब, धंदा सगळा घरचा.

इथे एक तांत्रिक मुद्दा नोंदवते. त्या वर्षांत फ्लायशरकडे बरेच संवाद चित्रं झाल्यावर बोलले जायचे. म्हणून त्यांच्या कार्टूनांत ओठ न हलवता पुटपुटणारी पात्रं इतकी दिसतात. पण वॉलरस गातो तिथे तसं करता येणं शक्य नव्हतं. त्याच्या ओठांना, पावलांना आधी गाणं हवं. एकाच कार्टूनमध्ये काही भाग चित्रामागून आवाज आणि काही भाग आवाजामागून चित्र, असा दुहेरी कारभार आहे, आणि पत्रकात तो फरक स्पष्ट दिसायला लागला आहे.

२ ऑगस्ट

आमच्या तुकड्यासाठी चित्रीकरण केलं. नाटकात काम करणारा एक तरुण आला होता. कॅलोवेची ती चाल त्याला आधी दाखवली होती: एक टाच टेकवून दुसरा पाय जमिनीवरून ओढत न्यायचा, आणि कमरेच्या वरचं अंग मात्र जणू दुसऱ्याच दिशेला वाहत जायचं. पुढे मून-वॉक म्हणून जगभर जे प्रसिद्ध झालं त्याच्याशी या चालीचं नातं पुष्कळांनी सांगितलं आहे, आणि बघताना ते पटतं.

कॅमेरा तिपाईवर घट्ट, सेकंदाला २४ फ्रेम, मागे काळा पडदा, अंगात पांढरे कपडे. कडा स्वच्छ दिसणं हे सगळ्यात महत्त्वाचं. तबलजीनं शेजारी बसून ठेका दिला, कारण मूळ गाणं वाजवून त्यावर नाचलं की पोरगा कॅलोवेची नक्कल करायला लागतो, आणि आम्हाला नक्कल नको होती. त्याचं स्वतःचं वजन हवं होतं.

बारा सेकंद निवडले. २८८ फ्रेम.

९ ऑगस्ट

आठवडाभर लाइटबॉक्सवर, म्हणजे खालून उजेड येणाऱ्या काचेवर कागद ठेवून रेखाटणं. यातून कळलेलं सविस्तर लिहिते, कारण मुलांना सर्वांत उपयोगी हेच पडणार आहे.

पहिलं: दर दोन फ्रेमला एक चित्र की दर फ्रेमला एक? कार्टूनमध्ये बहुतेक वेळा दोनाला एक पुरतं, आणि कष्ट निम्मे होतात. आम्ही सुरुवातीचे तीन सेकंद दोन्ही तऱ्हांनी करून पाहिले. उडी, मान वळवणं, हात फेकणं याला दोनाला एक चित्र छान चालतं, उलट त्यात ठसका येतो. पण पाय घसरवणं तसं केलं की पाऊल अडखळतं, जमिनीवर टपटप उमटतं. घसरण्यात थांबा नसतो, म्हणून तिथे प्रत्येक फ्रेमला चित्र हवंच. नुसत्या चालीला रोटोस्कोप का लागला असेल याचं उत्तर मला यात मिळालं. मनानं काढणारा चित्रकार मुख्य पवित्रे आधी काढतो, मधली चित्रं नंतर भरतो. या चालीत मुख्य पवित्रा असा नाहीच, सगळं मधलंच आहे.

दुसरं: बाह्यरेषा हुबेहूब उतरवली की चित्र मेलेलं दिसतं. कपड्याची चुणी, कोपराचा कोन, केसांची बट प्रत्येक फ्रेमला किंचित बदलते आणि चित्रावर मुंग्या आल्यासारखी रेषा वळवळते. म्हणून तीन गोष्टीच इमानानं घ्यायच्या: कंबर कुठे आहे, खांद्याची रेषा कुठे झुकली आहे, वजन कोणत्या पावलावर आहे. बाकी सगळं शरीर या तिघांवर नव्यानं बांधायचं.

तिसरं, आणि हे मला स्वतःला फार महत्त्वाचं वाटतं: वॉलरस निवडणं ही हुशारी आहे. भरदार, गोल, चुण्या नसलेलं अंग. बोटांऐवजी वल्ह्यासारखे हात, म्हणजे बोटांची किरकोळ वळवळ आपोआप गेली. कोपर लपलं. उरली ती कंबर, खांदे आणि पावलं. रोटोस्कोपच्या सगळ्या अडचणी या एका जनावरानं गिळल्या आणि कॅलोवेची चाल तेवढी शिल्लक ठेवली. आमच्या नटाची बारा सेकंदं मी आधी माणूस म्हणून उतरवली होती, ती बघवत नव्हती. त्यावर गोल, जड अंग चढवल्यावर तीच चाल एकदम उघडी पडली.

१६ ऑगस्ट

गाण्याचं पत्रक संपलं. आता त्यातून काय दिसतं ते.

गुहेत दोन प्रकारच्या हालचाली शेजारी शेजारी आहेत. बेटी आणि बिंबो रबरी आहेत. फ्लायशरच्या पात्रांना स्थिर उभं राहता येत नाही, ती मात्रेबरोबर वरखाली होत राहतात, भ्यायली की थरथरतात, त्यांच्या अंगात हाड नाही. सांगाड्यांनाही वजन नाही. या सगळ्यांमध्ये वॉलरस एकटा असा आहे की ज्याच्या पायाखाली जमीन आहे. तो एका पावलावरून दुसऱ्यावर जातो तेव्हा भार खरोखर इकडून तिकडे जातो.

म्हणजे त्या गुहेत जो मेलेला म्हणून दाखवला आहे तोच सगळ्यात जिवंत आहे. या कार्टूनची भीती आणि जादू दोन्ही मला इथे सापडतात. भुताची भीती चेहऱ्यानं, दातांनी नाही वाटत. खोट्या, लवचीक जगात एक खरा माणूस येऊन उभा राहतो, त्यानं अंगावर काटा येतो. दोन हालचालींमधला सांधा झाकायचा प्रयत्न या लोकांनी केलेला नाही. आजच्या सफाईच्या ॲनिमेशनमध्ये तो झाकला गेला असता आणि हे कार्टून साधं झालं असतं.

सुरुवातीला खरा कॅलोवे दाखवण्याचं महत्त्वही मला आता नीट कळतं. त्याची चाल आपण आधी त्याच्या अंगावर पाहिलेली असते. गुहेत वॉलरस हलला की ती ओळखू येते. नाव पाटीवर, चेहरा पडद्यावर, मग भूत. काळ्या कलाकाराचं श्रेय त्या काळात ज्या सहजतेनं गाळलं जाई, ते बघता हा क्रम मोलाचा आहे.

२२ ऑगस्ट

श्रेयाच्या मुद्द्यावर आज तिघांची लांब चर्चा झाली. मुलांना फक्त हे एक सुंदर कार्टून दाखवून सोडायचं नाही, यावर एकमत आहे.

त्याच वर्षी त्याच स्टुडिओनं जॅझचा ट्रम्पेटवादक लुई आर्मस्ट्राँगला घेऊन एक कार्टून केलं. त्यातही सुरुवातीला खरा आर्मस्ट्राँग आणि त्याचा बँड. पण पुढे जंगल, नरभक्षक, आणि आर्मस्ट्राँगचं धडावेगळं मस्तक कोको-बिंबोच्या मागे उडत लागलेलं. काळ्या माणसाकडे बघण्याची त्या काळची हीन नजर तिथे उघड उघड आहे. वादन अप्रतिम, चित्र अपमानकारक. माझं मत असं की त्यातला छोटा तुकडा दाखवावा आणि स्पष्ट शब्दांत सांगावं. मैत्रिणीला वाटतं की आधी आर्मस्ट्राँगचं नुसतं वादन ऐकवावं, मग चित्र, म्हणजे अपमान कोणाचा होतो आहे ते मुलांना कळेल. तिचं बरोबर आहे, तसंच करायचं.

दुसरी गोष्ट खुद्द बेटीची. १९३० मध्ये ग्रिम नॅटविकनं तिला घडवलं तेव्हा तिला कुत्र्याचे कान होते, १९३२ पर्यंत त्या कानांची कर्णभूषणं झाली. हेलन केन या गायिकेनं आपली ढब चोरली म्हणून स्टुडिओवर अडीच लाख डॉलरचा दावा लावला आणि १९३४ साली ती हरली. स्टुडिओच्या बाजूनं पुढे आलेला एक पुरावा असा की ‘बेबी एस्थर’ या नावानं गाणारी काळी मुलगी केनच्याही आधी तसंच गात होती. खटला स्टुडिओनं जिंकला, केनचं नाव चर्चेत राहिलं, आणि ज्या मुलीच्या गाण्यावर निकाल झुकला तिला त्यातून काही मिळालं नाही. हे टिपणात जाणार.

मित्रानं मुंबईची बाजू जोडायला सांगितली, ती रास्त वाटली. १९३५ साली लिऑन ॲबे या अमेरिकन काळ्या वादकाचा बँड मुंबईच्या ताजमहाल हॉटेलात वाजवू लागला. तिथल्या आणि इतर हॉटेलांतल्या बँडमधून गोव्याचे वादक तयार झाले. ट्रम्पेटवाले चिक चॉकलेट त्यांतले. त्यांना हिंदुस्थानचा लुई आर्मस्ट्राँग म्हणत. सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’च्या गाण्यांत जो पितळी वाद्यांचा उसळता आवाज ऐकू येतो त्यामागे हे वादक आहेत. पडद्यावर आणि तबकडीवर त्यांची नावं शोधावी लागतात. मुलांनी ती शोधावीत म्हणून एक कागद वेगळा ठेवला.

३० ऑगस्ट

पार्श्वभूमी रंगवली. काळ्या-पांढऱ्यात रंगवणं म्हणजे करड्याच्या पायऱ्या सांभाळणं. मूळ कार्टूनमध्ये गुहेच्या भिंती पाणीदार करड्या छटांत आहेत, आणि त्यावर वॉलरस फिकट. म्हणून तो कितीही सरकला तरी डोळ्यातून सुटत नाही. आम्ही आधी भिंत फार गडद धरली होती. तीन छटा वर आणल्यावर आकृती नीट सुटून दिसली.

पाटीवर ॲनिमेटर म्हणून विलर्ड बाउस्की आणि राल्फ सॉमरविल यांची नावं आहेत. बेटीचा आवाज मे क्वेस्टलचा.

१९३४ च्या जुलैपासून हॉलिवूडची, पडद्यावर काय दाखवायचं याची आचारसंहिता कडक झाली आणि बेटीचा झगा लांब झाला, तिच्या जगातली भुतं, गुहा, अड्डे नाहीसे झाले. हे सगळं शक्य होतं ती खिडकी दोन-अडीच वर्षांचीच होती.

७ सप्टेंबर

जोडणी पूर्ण. बारा सेकंदांचा तुकडा, खाली मात्रांची पट्टी, शेजारी नटाचं मूळ चित्रीकरण, असं तिन्ही एकाच पडद्यावर बसवलं. वर्गात आधी आवाज बंद ठेवून दाखवायचं आणि मुलांना पावलांवरून मात्रा मोजायला लावायच्या. पत्रक छापायला दिलं.

पुढचं काम: १९३३ चं ‘स्नो-व्हाइट’. त्यात कॅलोवेची चाल कोकोच्या अंगात आहे, गाणं ‘सेंट जेम्स इन्फर्मरी ब्लूज’, आणि जवळजवळ सगळं ॲनिमेशन रोलंड क्रँडल या एका माणसाच्या हातचं. तिथे कोको मध्येच भूत होतो, त्याचे पाय लांबच लांब होतात, भुताचं रूप बदलत राहतं आणि चाल मात्र तीच. कंबर आणि खांदे यांचं जे सूत्र वॉलरसवर सापडलं ते पाय ताणल्यावर कुठपर्यंत टिकतं, हे तपासायचं. तबलजीनं त्या गाण्याची आवर्तनं मोजायला आजच सुरुवात केली आहे.